उंचावर गेल्यावर डोळे काय सांगतात

 

उन्हाळा लागला की गावोगावच्या गटांत एक विषय हमखास निघतो. वर्षभर बाजूला काढलेले पैसे मोजायचे आणि केदारनाथ-बद्रीनाथाची बस ठरवायची. कुणी अमरनाथला जायचं म्हणतं. कुणाचा मुलगा फौजेत लेहला असतो, त्याला भेटायची ओढ असते. सामानाची यादी आपण बारकाईनं करतो. स्वेटर, कानटोपी, भडंग, शेंगदाण्याची चटणी, गुडघ्याचा पट्टा. या यादीत डोळ्यांचं नाव मात्र कधी येत नाही. उंचावर दम लागतो, डोकं दुखतं, हे आपण ऐकलेलं असतं. तिथं डोळ्यांनाही काही होतं, हे फारसं कुणी सांगत नाही.

आज आम्ही तेच सांगणार आहोत. पण नुसत्या सूचना वाचून दाखवणार नाही. उंचीचा डोळ्यांवर काय परिणाम होतो, हे माणसाला एका दिवसात कळलेलं नाही. त्यासाठी दीडशे-पावणेदोनशे वर्षं लागली, आणि कुणी जीव गमावले, कुणी हातपाय. तो इतिहास ऐकलात की सूचना लक्षात ठेवायला कष्ट पडायचे नाहीत.

आधी उंचीचा हिशेब समजून घेऊ. आपल्या महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाईचं. त्याची उंची १,६४६ मीटर, म्हणजे साधारण ५,४०० फूट. केदारनाथचं देऊळ आहे ३,५८३ मीटरवर, म्हणजे पावणेबारा हजार फूट. कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. अमरनाथची गुहा पावणेतेरा हजार फुटांवर. लेह शहर साडेअकरा हजारांवर.

वर गेलं की हवा विरळ होते. श्वास आपण तेवढाच घेतो, पण माप शिगोशीग भरत नाही. गावाकडं एका श्वासात प्राणवायूचे शंभर दाणे मिळत असतील, तर केदारनाथला पासष्टच्या आसपास मिळतात. अठरा हजार फुटांवर पन्नासच. एव्हरेस्टच्या माथ्यावर जेमतेम तेहतीस.

आता डोळ्याकडे येऊ. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला एक पातळ पडदा असतो. समोरचं चित्र त्याच्यावर उमटतं. पडद्यापासून मेंदूपर्यंत एक जाड नस जाते, ती हे चित्र मेंदूकडे पोचवते. हा पडदा प्राणवायूच्या बाबतीत फार खादाड असतो. वजनाच्या मानानं शरीरातल्या बहुतेक अवयवांपेक्षा त्याला जास्त लागतो. कंदिलाची हवा कोंडली की वात आधी मंद होते, मग विझते. डोळ्याचं तसंच आहे.

हे पहिल्यांदा नीट लिहून ठेवलं ते बलूनमधून वर गेलेल्या माणसांनी. इंग्लंडमध्ये जेम्स ग्लेशर नावाचे हवामानाचे अभ्यासक होते. ५ सप्टेंबर १८६२ रोजी ते हेन्री कॉक्सवेल या बलून चालवणाऱ्याबरोबर वूल्व्हरहॅम्प्टन गावातून आकाशात चढले. उंचावरची थंडी आणि हवेचा दाब मोजायचा होता. एकोणतीस हजार फुटांच्या आसपास गेल्यावर ग्लेशर थर्मामीटर वाचायला वाकले, तर आतली पाऱ्याची बारीक रेघ दिसेना. घड्याळाचे काटे दिसेनात. त्यांनी सोबत्याला वाचायला सांगितलं. पाठोपाठ हात लुळे पडले, मान एका बाजूला कलली, आणि मग एकदम अंधार. शुद्ध अजून होती, विचार चालू होते, पण डोळ्याच्या नसेतली शक्ती एका क्षणात गेली, असं त्यांनी पुढे लिहून ठेवलं. त्यानंतर शुद्धही गेली.

कॉक्सवेलचे हात थंडीनं गोठलेले. बलूनमधला वायू सोडायची दोरी त्यांना हातानं ओढता येईना. त्यांनी ती दातांत धरली आणि मानेला हिसके देऊन ओढली. बलून खाली यायला लागलं. थोड्या वेळानं ग्लेशर शुद्धीवर आले, नजरही परत आली.

यातल्या दोन गोष्टी गाठीला बांधून ठेवा. पहिली, हातपाय आणि शुद्ध जाण्याच्या आधी डोळ्यांनी सांगितलं होतं. दुसरी, खाली आल्याबरोबर डोळे सुधारले.

तेरा वर्षांनी, १५ एप्रिल १८७५ रोजी, फ्रान्समध्ये झेनिथ नावाच्या बलूनमधून तिघं वर गेले. गास्तों तिसांदिए, क्रोसे-स्पिनेली आणि सिव्हेल. पॉल बेर या शास्त्रज्ञानं तोवर दाखवून दिलं होतं, की उंचावरचा त्रास प्राणवायू कमी पडल्यानं होतो. म्हणून तिघांनी प्राणवायूच्या पिशव्या बरोबर घेतल्या होत्या. तेवढा साठा पुरणार नाही, असं बेर यांनी पत्रानं कळवलंही, पण पत्र वेळेत पोचलं नाही. साठा थोडा, म्हणून अगदी गरज लागेल तेव्हाच वापरायचा असं तिघांनी ठरवलं. गरज लागली तेव्हा नळी तोंडाला लावायला हात उचलेनात. बलून खाली आलं तेव्हा क्रोसे-स्पिनेली आणि सिव्हेल गेलेले होते. तिसांदिए वाचले, पण त्यांचे कान गेले.

वाचलेल्या तिसांदिए यांनी नंतर एक विलक्षण गोष्ट सांगितली. वर असताना त्यांना दुखत-खुपत काहीच नव्हतं. उलट मन आनंदात होतं. सयांनो, उंचीचा खरा धोका इथं आहे. प्राणवायू कमी पडला की ज्याला त्रास होतोय त्यालाच तो कळत नाही. आपण अगदी बरे आहोत असंच त्याला वाटत राहतं.

पुढे विमानं आली. दुसऱ्या महायुद्धात रात्रीचं विमान चालवणाऱ्यांच्या लक्षात आलं, की अंधारात दिसण्याची ताकद फार लवकर कमी होते. पाच हजार फुटांपासूनच. दिवसा ते जाणवत नाही, रात्री जाणवतं. म्हणून रात्रीच्या उड्डाणात वैमानिकांनी प्राणवायूची नळी जमिनीवरूनच लावायची, असा नियम झाला. आपण केदारनाथला पहाटे तीन-चारला अंधारात वाट चालायला लागतो, तेव्हा पायरी नीट दिसत नाही ती नुसती धुक्यामुळे नव्हे. चांगली बॅटरी हातात हवी आणि पाऊल सावकाश हवं.

आता हवेकडून उन्हाकडे येऊ. उंचावरचं ऊन थंड लागतं, पण ते डोळ्यांना जाळतं. सूर्याच्या उजेडात न दिसणारे अतिनील किरण असतात. वरची हवा विरळ, त्यामुळे ते कमी अडतात. दर हजार मीटरला ते साधारण दहा टक्क्यांनी वाढत जातात. त्यात बर्फ असेल तर दुहेरी मारा होतो. आपली माती आणि गवत हे किरण फारसे परत फेकत नाहीत. ताजा बर्फ शंभरातले ऐंशीपर्यंत परत फेकतो. म्हणजे ऊन वरून येतं, तसंच खालूनही येतं. टोपीनं कपाळ झाकलं तरी डोळे उघडेच राहतात. मग डोळ्याच्या पुढच्या काचेसारख्या भागाची साल जळाल्यासारखी होते. याला हिमांधत्व म्हणतात.

उत्तर ध्रुवाकडच्या बर्फात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या इनुइट लोकांना हे फार आधीपासून ठाऊक होतं. त्यांच्याकडे काच नव्हती. ते लाकडाचे, हाडाचे, हस्तिदंताचे चष्मे कोरत आणि त्यांत फक्त एक बारीक आडवी फट ठेवत. तेवढ्यातून वाट दिसे आणि डोळे वाचत.

शिकलेल्या गिर्यारोहकांना हे अनुभवानं शिकावं लागलं. ४ जून १९२४ रोजी एडवर्ड नॉर्टन एव्हरेस्टवर कृत्रिम प्राणवायूशिवाय अठ्ठावीस हजार फुटांच्या वर पोचले. पायाखाली खडक आहे, बर्फ नाही, मग चष्म्याची अडचण कशाला, म्हणून त्यांनी तो काढून ठेवला होता. वर असतानाच त्यांना एकाचं दोन दिसायला लागलं. खाली छावणीत आल्यावर रात्री डोळे पेटले आणि पुढचे सुमारे साठ तास त्यांना काहीच दिसलं नाही. ६ जूनला त्यांचे सोबती मॅलरी आणि अर्विन त्याच छावणीतून शिखराकडे निघाले, तेव्हा मोहिमेचे प्रमुख नॉर्टन तंबूत आंधळे होऊन पडले होते. निघालेल्यांना त्यांना डोळे भरून पाहताही आलं नाही. ते दोघं परत आलेच नाहीत.

१९५० साली अन्नपूर्णा शिखरावर फ्रेंच मंडळी गेली. ३ जूनला एर्झॉग आणि लाशनाल माथ्यावर पोचले, पण हिमदंशानं त्यांचे पाय गोठले. त्यांच्या मदतीला असलेले तेरे आणि रेब्युफा यांचे पाय धड होते, पण त्यांना हिमांधत्व आलं. आंधळ्या-पांगळ्याची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. ती त्या डोंगरावर खरी झाली. दिसणाऱ्याला चालवेना आणि चालणाऱ्याला दिसेना. शेवटी छावणीतल्या सोबत्यांच्या मदतीनं चौघं जिवंत उतरले.

हिमांधत्व एका बाबतीत फसवं असतं. ऊन लागताना काही जाणवत नाही. सहा ते बारा तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, पाणी वाहतं, उजेड सहन होत नाही. बहुतेकांना एक-दोन दिवसांत बरं वाटतं. पण त्या एक-दोन दिवसांत दरीच्या कडेनं उतरायचं असेल, तर काय होईल ते तुम्हीच सांगा.

इथपर्यंत आपण डोळ्याच्या पुढच्या भागाचं बोललो. आत, पडद्यावर आणि नसेत काय घडतं, हे बघायचं साधन माणसाकडे फार काळ नव्हतं. १८५१ साली हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं डोळ्याच्या आत बघायचं उपकरण जगापुढे मांडलं. आज डोळ्यांचे डॉक्टर बाहुलीतून उजेड टाकून आत बघतात, ते त्याच विद्येनं. शरीर न कापता आतल्या रक्तवाहिन्या आणि मेंदूकडे जाणाऱ्या नसेचं टोक जिथं उघड दिसतं, अशी ही एकच जागा.

उंचीवरच्या डोळ्यांचा हा आतला भाग तपासण्यात आपल्या देशाचा मोठा वाटा आहे. १९६२ साली चीनशी युद्ध झालं. सपाटीवरच्या हजारो जवानांना विमानानं थेट उंच डोंगरात उतरवावं लागलं. शरीराला सवय व्हायला वेळच मिळाला नाही. कित्येक जण गोळी न लागता आजारी पडले. लष्करातले डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १,९२५ जवानांची माहिती अभ्यासली आणि १९६९ साली प्रसिद्ध केली. हे जवान अकरा हजार ते अठरा हजार फुटांवरचे होते. डोकेदुखी, उलट्या, झोप न येणं, दम लागणं हे होतंच. पण काहींच्या डोळ्यांत बघितल्यावर नसेचं टोक सुजलेलं दिसलं.

नस का सुजते? प्राणवायू कमी पडला की मेंदूकडे रक्ताचा ओघ वाढतो आणि काहींच्या मेंदूला सूज येते. कवटी हाडाची, ती काही फुगत नाही. मग आतला दाब वाढतो आणि तो नसेभोवतीच्या आवरणातून डोळ्यापर्यंत पोचतो. म्हणजे नसेची सूज ही मेंदूवरच्या दाबाची खूण असू शकते.

पुढच्याच वर्षी, १९७० साली, रेजिना फ्रेझर या संशोधक बाई आणि डॉक्टर चार्ल्स ह्यूस्टन यांच्या चमूनं आणखी एक गोष्ट जगापुढे आणली. कॅनडातल्या माउंट लोगन पर्वतावर साडेसतरा हजार फुटांच्या आसपास त्यांची प्रयोगशाळा होती. तिथं आलेल्या निरोगी माणसांचे डोळे त्यांनी तपासले, तर कित्येकांच्या पडद्यावर रक्ताचे ठिपके दिसले. त्यातल्या बहुतेकांची काहीच तक्रार नव्हती. खाली आल्यावर बहुतेकांचे ठिपके काही आठवड्यांत विरून गेले. पण ठिपका पडद्याच्या अगदी मधोमध पडला, तर नजरेसमोर काळा डाग येतो, आणि तो कधी कधी मागे राहतो.

आता चष्मा घालवायची शस्त्रक्रिया करून घेतलेल्यांसाठी एक गोष्ट. बेक वेदर्स हे अमेरिकेतले डॉक्टर. चष्मा नको म्हणून त्यांनी जुन्या पद्धतीची शस्त्रक्रिया करून घेतली होती. तिच्यात डोळ्याच्या पुढच्या काचेवर बारीक चिरा देत. ही काच प्राणवायू थेट हवेतून घेते. उंचीवर तो कमी पडला आणि चिरा दिलेली काच सुजून तिचा आकार बदलला. १० मे १९९६ रोजी एव्हरेस्टवर साडेसत्तावीस हजार फुटांच्या आसपास त्यांना दिसेनासं झालं. वाटाड्या परत येईपर्यंत थांबतो, असा त्यांनी शब्द दिला आणि ते तासन्‌तास बसून राहिले. वाटाड्या परत आलाच नाही. वादळ आलं. सोबत्यांनी त्यांना मेलेलं समजून मागे ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते आपण होऊन चालत छावणीत आले. जीव वाचला, पण उजवा हात, डाव्या हाताची बोटं आणि नाक गमावलं. आज होणाऱ्या शस्त्रक्रिया वेगळ्या आणि बऱ्याच सुरक्षित आहेत. तरी डोळ्यांवर कुठलीही शस्त्रक्रिया झाली असेल, तर जाण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारायचं. पडद्याच्या शस्त्रक्रियेत काही वेळा डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडतात. तो विरेपर्यंत उंचावर किंवा विमानात जाणं सक्त मना असतं. वर गेलं की बुडबुडा फुगतो आणि नजर कायमची जाऊ शकते.

आपण केदारनाथला जातो, एव्हरेस्टला नाही, हे खरं. तिथं दोन दिवस जाऊन आलेल्या बहुतेकींच्या डोळ्यांना काहीही होत नाही. घाबरवायचा आमचा हेतू नाही. पण आपल्या बायांची गोष्ट थोडी वेगळी आहे. सरकारच्याच पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक बायांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी. रक्तच पातळ असेल, तर थोडा मिळालेला प्राणवायूही नीट पोचत नाही. फार पातळ रक्तानं डोळ्याच्या पडद्यावर उंचीशिवायही रक्त उतरू शकतं. त्यात कुणाला साखर, कुणाला रक्तदाब. म्हणून बसचे पैसे भरण्याआधी हिमोग्लोबिन, साखर आणि रक्तदाब तपासून घ्या. साखर असेल, तर डोळ्याचा पडदा तपासून घ्या.

दुसरी गोष्ट घाईची. आपलं लष्कर आज जवानांना एकदम वर पाठवत नाही. नऊ ते बारा हजार फुटांवर आधी सहा दिवस, त्याच्या वर पंधरा हजारांपर्यंत आणखी चार, आणि त्याच्याही वर आणखी चार दिवस शरीराला सवय करू देतात. धडधाकट जवानाला सहा दिवस, आणि आपण साठीच्या आत्याबाईंना हेलिकॉप्टरनं सकाळी वर आणि दुपारी खाली आणतो! सहा दिवस आपल्याला जमणार नाहीत. पण वाटेत एक-दोन मुक्काम जास्त करणं, पहिल्या दिवशी विसावा घेणं, भरपूर पाणी पिणं, एवढं जमेल. बस ठरवतानाच हे बोलून घ्या. बाजूनंही डोळे झाकणारा, अतिनील किरण अडवणारा काळा चष्मा घ्या. रस्त्यावरची नुसती रंगीत काच उपयोगाची नाही. उंचीच्या त्रासावरची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानंच घ्या, शेजारणीनं दिली म्हणून नको.

आणि वर गेल्यावर कुणाला धूसर दिसायला लागलं, एकाचं दोन दिसलं, नजरेपुढे काळा डाग आला, डोकं ठणकून उलट्या झाल्या, चालताना तोल जायला लागला किंवा ती भलतंच बोलायला लागली, तर पुढे जायचं नाही. तिला त्याच वेळी खाली न्यायचं. डॉक्टर, प्राणवायू, जे मिळेल ते घ्यायचं, पण त्यासाठी उतरणं थांबवायचं नाही. एकटीला मात्र खाली पाठवायचं नाही.

सगळ्यात अवघड काय असतं, ते आपल्याला माहीत आहे. आपल्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होईल, एवढ्या लांब येऊन दर्शन चुकेल, घरचे म्हणतील कशाला गेली होतीस. म्हणून बाई बोलत नाही. डोकं ठणकत असतं आणि ती म्हणते, काही नाही गं, चल. आणि कधी कधी ती खोटंही बोलत नसते. तिसांदिए यांच्यासारखं तिला खरंच कळत नसतं.

म्हणून निघण्याआधी गटाच्या बैठकीत एक ठराव करा. दोघी-दोघींची जोडी लावा. कर्ज घेताना आपण एकमेकींना जामीन राहतो, तसंच इथं एकमेकींच्या डोळ्यांना जामीन राहायचं. चढताना दर तासाला विचारायचं, दिसतंय का नीट, समोरची पाटी वाच बघू. वाचायला येत नसेल तर बोटं दाखवा, किती ते विचारा. जोडीदारीण म्हणाली उतरायचं, तर उतरायचं, वाद नाही. आणि जी उतरेल तिला परत आल्यावर कुणी टोमणा मारायचा नाही, हेही ठरावात लिहा. केदारनाथ कुठं जात नाही. पुढल्या वर्षी पुन्हा बस निघेल.

यंदा ज्यांच्या गटाचं जायचं ठरलंय, त्यांनी पुढच्या बैठकीत हा विषय घ्या आणि जोड्यांची यादी करून टाका. सुखरूप जा, डोळे भरून बघा आणि आल्यावर आम्हाला सांगा.